स्थूल देह, संप्रेरकें आणि आपला निवाडा

(महोत्सवानिमित्त धर्मग्रामांत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महोत्सवाच्या निमित्तानें जीं व्याख्यानें योजिलीं आहेत त्यांत एक आरोग्यावर असावें अशी चालकांची इच्छा झाली, व विषय निवडण्याचें काम त्यांनीं आम्हांवर सोंपविलें. आम्ही जो विषय निवडिला आहे तो अशा मंगल प्रसंगीं कित्येकांस थोडासा अप्रशस्त वाटेल. तो विषय म्हणजे माणसाचा लठ्ठपणा, आणि त्या लठ्ठपणाच्या मुळाशीं देहांत जे रासायनिक निरोप अहोरात्र जात-येत असतात ते. हा विषय निवडण्याचें कारण असें कीं, ह्या बाबतींत आपल्या समाजांत औषधोपचाराच्या आधींच न्यायनिवाडा होऊन जातो. स्थूल माणूस दिसला कीं तो खादाड असला पाहिजे, नाहीं तर आळशी असला पाहिजे, असें आपण मनांत ठरवून टाकतों. आपणां ख्रिस्ती लोकांस तर सात मुख्य पापांच्या यादींत खादाडपणा व आळस हीं दोन्ही लहानपणींच पाठ झालेलीं असतात. त्यामुळें ह्या निवाड्यास धर्माचा आधार असल्याचाही भास होतो. हा निवाडा बहुतांशीं खोटा आहे, आणि त्यानें रोग्याचें प्रत्यक्ष नुकसान होतें, एवढेंच आज आम्हांस सांगावयाचें आहे.

खादाडपणा हें पाप नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु पाप इच्छेंत असतें, कंबरेच्या घेरांत नसतें. अंगानें काटकुळा असलेला माणूसही जिभेचा दास असूं शकतो. आणि जी बाई वर्षानुवर्षें पोट मारून चार किलो वजन उतरविते, तिचेंच वजन पुढील वर्षीं पांच किलोंनीं चढलेलें आपण आपल्याच वाड्यांतून पाहतों. असें कां होतें ह्याचें उत्तर नीतिशास्त्रांत शोधून सांपडणार नाहीं. तें शरीरशास्त्रांत आहे.

प्रथम शब्दाचा खुलासा करूं. लंडन येथील विल्यम बेलिस व अर्नेस्ट स्टार्लिंग ह्या दोन शास्त्रज्ञांनीं १९०२ सालीं असें दाखविलें कीं, जठरांतील आम्लयुक्त अन्न आतड्यांत उतरलें म्हणजे आतड्याच्या अस्तरांतून एक द्रव्य रक्तांत मिसळतें, आणि तें रक्ताबरोबर स्वादुपिंडापाशीं जाऊन त्यास पाचक रस सोडावयास लावितें. मज्जातंतूंच्या मध्यस्थीवांचून हा निरोप पोंचतो. १९०५ सालीं स्टार्लिंग ह्यांनीं अशा द्रव्यांस ‘हार्मोन’ हें नांव दिलें. ज्या ग्रीक शब्दावरून तें घेतलें त्याचा अर्थ चेतविणें, प्रवृत्त करणें असा आहे. मराठींत आपण त्यांस संप्रेरकें म्हणतों, व तो शब्द मूळ अर्थास धरूनच आहे.

ही गोष्ट समजण्यास आपणांस दूर जावयास नको. चर्चची घंटा एकच वाजते व ती साऱ्या गांवास ऐकूं जाते. परंतु ती ऐकून एका घरीं कोणी प्रार्थनेस बसतो, दुसऱ्या घरीं कोणी चुलीकडे वळतो, तिसऱ्या घरीं कोणी चपला पायांत घालून बाहेर पडतो. संप्रेरकाचें तसेंच आहे. रक्तांतून तें सर्व देहांत फिरतें, पण ज्या अवयवास त्याच्यासाठीं कान आहे तोच त्याची आज्ञा पाळितो. ह्यावरून एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. घंटा न वाजल्यानें जसा घोटाळा होतो, तसाच घोटाळा घंटा वाजत असून कान बधिर झाल्यानेंही होतो. स्थूलतेच्या रोगांत बहुधा दुसराच प्रकार असतो.

अमेरिकेंतील मेन राज्यांत बार हार्बर नांवाचें गांव आहे. तेथील जॅक्सन प्रयोगशाळेंत १९४९ सालीं उंदरांच्या पैदाशींत कांहीं अतिशय लठ्ठ उंदीर निपजले. त्यांची भूक कधींच भागत नसे. त्याच प्रयोगशाळेंतील डग्लस कोलमन ह्यांनीं पुढें असा एक लठ्ठ उंदीर व एक साधा उंदीर ह्यांचें रक्ताभिसरण शस्त्रक्रियेनें एकमेकांस जोडून पाहिलें, तेव्हां लठ्ठ उंदराचें खाणें कमी झालें व तो वाळूं लागला. साध्या उंदराच्या रक्तांत ‘आतां पुरे’ असें सांगणारें कांहींतरी द्रव्य आहे, आणि लठ्ठ उंदराच्या देहांत तें तयारच होत नाहीं, असा तर्क कोलमन ह्यांनीं केला. तें द्रव्य कोणतें, हें न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठांतील जेफ्री फ्रीडमन व त्यांचे सहकारी ह्यांनीं १९९४ सालीं निश्चित केलें. त्यास ‘लेप्टिन’ म्हणतात. आश्चर्य असें कीं, तें खुद्द चरबींत तयार होतें. ज्या चरबीस आपण निर्जीव ओझें समजत होतों, ती एक बोलकी ग्रंथि ठरली. कोठींत धान्य किती उरलें आहे हें जशी घरची गृहिणी वेळोवेळीं सांगते, तसें देहांत किती सांठा आहे हें चरबी लेप्टिनच्या द्वारें मेंदूस कळविते.

उंदरांचें झालें, माणसांचें काय, असें कोणी विचारील. इंग्लंडांत केंब्रिज येथें सदफ फारूकी व स्टीफन ओराहिली ह्या डॉक्टरांकडे एक नऊ वर्षांची मुलगी होती. तिचें वजन ९४ किलो होतें. जन्मापासून तिच्या देहांत लेप्टिन तयारच होत नव्हतें, आणि म्हणून तिची भूक केव्हांही शमत नसे. तिला लेप्टिनचीं इंजेक्शनें सुरू केलीं, आणि १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तांताप्रमाणें एका वर्षांत तिचें वजन १६ किलोंहून अधिक उतरलें. आम्ही श्रोत्यांस नम्रपणें विचारतों, ह्या मुलीचा स्वभाव त्या वर्षांत बदलला काय? तिला कोणी संयम शिकविला काय? तिच्या देहांत जो निरोप नव्हता तो मिळाला, आणि भूक आपोआप ताळ्यावर आली. इंजेक्शनाआधीं जर कोणी तिला खादाड म्हटलें असेल, तर तो अन्याय होता.

येथें एक सावधगिरी बाळगिली पाहिजे. असा जन्मजात अभाव अत्यंत विरळा. बहुसंख्य स्थूल माणसांच्या रक्तांत लेप्टिन कमी नसतें, उलट पुष्कळ असतें. मेंदूचा कान मात्र त्यास बधिर झालेला असतो. सांठा भरपूर असूनही मेंदूस तो अपुरा वाटतो. म्हणूनच लेप्टिन टोंचून सर्वांचा लठ्ठपणा जाईल, अशी जी आशा प्रारंभीं उत्पन्न झाली होती ती फळास आली नाहीं.

भूक लावणारी घंटा निराळी आहे. जपानांतील मासायासु कोजिमा व केंजी कांगावा ह्यांनीं १९९९ सालीं जठरांत तयार होणारें ‘घ्रेलिन’ नांवाचें संप्रेरक शोधून काढिलें. जेवणाची वेळ जवळ आली कीं तें रक्तांत वाढतें आणि जेवण झालें कीं उतरतें. आतड्यांतूनही अनेक संप्रेरकें सुटतात, परंतु त्यांचें काम उलट, म्हणजे तृप्ति कळविण्याचें आहे. ह्या दोन्ही बाजूंचा तोल राहिला कीं माणूस पोटापुरता जेवतो व उठतो. त्यासाठीं त्याला कांहीं विशेष सद्गुण खर्चावा लागत नाहीं. बारीक माणसास आपल्या संयमाचा जो अभिमान वाटतो, त्यांतील मोठा भाग वस्तुतः ह्या तोलाचा असतो.

आतां माणूस जेव्हां निश्चयानें वजन उतरवितो तेव्हां देहांत काय होतें तें पाहूं. मेलबर्न विद्यापीठांतील संशोधकांनीं २०११ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. पन्नास स्थूल स्त्रीपुरुषांस त्यांनीं दहा आठवडे अत्यंत अल्प आहारावर ठेविलें. ज्यांनीं तो क्रम शेवटास नेला त्यांचें वजन सरासरी साडेतेरा किलोंनीं उतरलें. त्याबरोबर लेप्टिन घसरलें, घ्रेलिन चढलें, आणि तृप्ति कळविणारीं कित्येक संप्रेरकें मंदावलीं. एक वर्ष लोटल्यावर त्यांचें रक्त पुन्हां तपासलें, तेव्हांही तीं संप्रेरकें पूर्वस्थितीवर आलीं नव्हतीं, आणि त्या माणसांस आहारनियम सुरू करण्यापूर्वीं जेवढी भूक लागे त्याहून अधिक भूक लागत होती. दुसरें उदाहरण अमेरिकेंतील. तेथें दूरचित्रवाणीवर वजन उतरविण्याची शर्यत लावीत असत. तींतील चौदा स्पर्धकांची सहा वर्षांनीं फिरून तपासणी झाली व तिचा वृत्तांत २०१६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांनीं शर्यतींत सरासरी सुमारें ५८ किलो वजन घालविलें होतें. त्यांपैकीं सुमारें ४१ किलो परत आलें होतें. शिवाय, स्वस्थ पडून असतां त्यांच्या देहानें जेवढी शक्ति खर्च करावी अशी अपेक्षा होती, त्याहून दिवसास सुमारें ५०० किलोकॅलरी तो कमीच खर्च करीत होता. म्हणजे चार-पांच पोळ्यांचें अन्न इतरांस जें सहज पचतें, तें ह्यांच्या अंगीं सांठत होतें.

देहाची ही घडण उपासमारीपासून रक्षण करण्यासाठीं आहे. माणूस वैद्याच्या सांगण्यावरून कमी खातो आहे कीं दुष्काळ पडला आहे, हें तिला कळत नाहीं. ती भूक वाढविते, खर्च कमी करते, आणि हरवलेला सांठा परत मिळेपर्यंत स्वस्थ बसत नाहीं. अशा माणसास ‘मनाचा निश्चय नाहीं’ म्हणून हिणविणें म्हणजे प्रवाहाविरुद्ध पोहणाऱ्यास आळशी म्हणण्यासारखें आहे.

येथवर भुकेचें झालें. आतां स्थूलतेनें रोग कसे होतात तें सांगतों, कारण देहाचा आकार हा मुख्य प्रश्न नव्हेच. आंतील कारभार हा मुख्य प्रश्न आहे. त्या कारभारास शास्त्रांत चयापचय म्हणतात, आणि त्याचा मोठा कारभारी म्हणजे स्वादुपिंडांतून सुटणारें इन्सुलिन. १९२१ सालीं टोरोंटो येथें फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट ह्यांच्या प्रयोगांतून तें हातीं आलें, व १९२२ पासून रोग्यांस मिळूं लागलें. मधुमेह म्हणजे इन्सुलिनचा अभाव, असें पुष्कळ वर्षें सरसकट समजत असत. न्यूयॉर्कमधील ब्राँक्स येथील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत रोझलिन यालो व सॉलोमन बर्सन ह्यांनीं रक्तांतील इन्सुलिन मोजण्याची रीति शोधिली आणि १९६० सालीं दाखवून दिलें कीं, प्रौढ वयांत मधुमेह झालेल्या कित्येकांच्या रक्तांत इन्सुलिन कमी नसून उलट अधिक असतें. घंटा वाजत होती, पण कान बधिर झाला होता. ह्या शोधकार्याबद्दल यालो ह्यांस १९७७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें; बर्सन तत्पूर्वींच निवर्तले होते.

कान बधिर कां होतो? त्वचेखालील चरबी ही देहाची नेहमींची कोठी. ती भरून गेली, किंवा मुळांतच लहान असली, म्हणजे उरलेला मेद पोटाच्या पोकळींत, यकृतांत आणि स्नायूंत शिरतो. मेदानें भरलेलें यकृत इन्सुलिनचें ऐकेनासें होतें व रात्रंदिवस रक्तांत साखर सोडीत राहतें. मग स्वादुपिंड अधिक मोठ्यानें ओरडतें, म्हणजे अधिक इन्सुलिन सोडतें. आणि कांहीं वर्षांनीं थकतें. तेव्हां मधुमेह उघड होतो. वाढलेला रक्तदाब, रक्तांतील वाढलेली चरबी, यकृताचे व हृदयाचे विकार, हीं त्याचीं भावंडें होत. स्त्रियांची पाळी बंद झाल्यावर चरबींतूनच स्त्रीत्वाचें संप्रेरक तयार होत राहतें, आणि त्यामुळें स्थूल स्त्रियांत गर्भाशयाच्या व स्तनांच्या कर्करोगाचा धोका वाढतो. पाळी गेल्यानंतर पुन्हां रक्तस्राव दिसला तर तो लाजेनें लपवूं नये, डॉक्टरांस ताबडतोब दाखवावें.

ही कोठी लहान असण्याची गोष्ट आपणां भारतीयांस विशेष लागू आहे, आणि ती उघडकीस येण्यास महाराष्ट्रांतील एका शास्त्रज्ञाचे श्रम कारण झाले आहेत. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनीं पुण्याजवळील सहा खेड्यांतील मातांचा व बालकांचा अभ्यास १९९३ पासून केला. तेथील बालकांचें जन्मवेळचें वजन सरासरी २.७ किलो भरलें. इंग्लंडांतील साउदॅम्प्टन येथील बालकांचें ३.५ किलो होतें. तथापि आपल्या बालकांचे स्नायू व पोटांतील अवयव जेवढे बारीक होते, त्या मानानें अंगावरील चरबी मुळींच कमी नव्हती. दिसण्यांत किरकोळ, परंतु आंतून मेदयुक्त, असा हा देह जन्मापासूनच असतो. पुढें २००४ सालीं डॉ. याज्ञिक व त्यांचे लंडनमधील स्नेही डॉ. जॉन यडकिन ह्यांनीं आपल्या दोघांचीं मापें एका वैद्यकीय नियतकालिकांत शेजारीं शेजारीं छापिलीं. उंचीच्या मानानें दोघांचें वजन अगदीं सारखें, परंतु यडकिन ह्यांच्या अंगांत चरबी शेंकडा ९.१, तर याज्ञिक ह्यांच्या अंगांत शेंकडा २१.२.

म्हणून भारतीय डॉक्टर आपल्या लोकांसाठीं निराळीं मापें वापरतात. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागून जो आंकडा येतो, तो २३ पर्यंत पोंचला कीं वजन अधिक समजावें व २५ पर्यंत पोंचला कीं स्थूलता समजावी. युरोपीय लोकांसाठीं हेच आंकडे २५ व ३० आहेत. त्याहून सोपें माप म्हणजे साधी शिंप्याची टेप. पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या वर आणि स्त्रीची ८० सेंटीमीटरच्या वर गेली असेल, तर साखर, रक्तदाब व रक्तांतील चरबी तपासून घ्यावी, मग माणूस लोकांस बारीक दिसत असला तरी. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणें भारतांत सुमारें १० कोटी १० लक्ष लोकांस मधुमेह आहे, आणि १३ कोटी ६० लक्ष लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. तेव्हां जे आपल्या स्थूल शेजाऱ्यास हंसतात त्यांनीं आधीं आपल्या कंबरेस टेप लावावी.

आतां घरोघरीं ऐकूं येणाऱ्या दोन गोष्टींविषयीं बोलतों. पहिली थायरॉइडची. वजन वाढलें कीं ‘थायरॉइड असेल’ असें म्हणण्याचा परिपाठ पडला आहे. थायरॉइड ग्रंथि मंदावल्यानें वजन वाढतें खरें, पण तें बहुधा थोडें, म्हणजे दोन ते पांच किलोंपर्यंत, आणि त्यांतील पुष्कळसें पाणी व क्षार ह्यांचें असतें. एका रक्ततपासणीनें ह्याचा निकाल लागतो. थायरॉइड ठीक असतांना वजन उतरविण्यासाठीं तिच्या गोळ्या घेणें हृदयास घातक आहे. दुसरी गोष्ट तरुण मुलींची. ज्यास पीसीओएस म्हणतात त्या विकारांत इन्सुलिनचा अतिरेक बीजकोशांस अधिक पुरुषी संप्रेरक तयार करावयास लावितो. त्यामुळें पाळी चुकते, चेहऱ्यावर केस व मुरुम येतात, वजन वाढतें, आणि वाढलेल्या वजनानें इन्सुलिन आणखी वाढतें. अशा मुलीस ‘तुझें लग्न कसें व्हावयाचें’ असें म्हणून जेवणाच्या पानावरून उठवूं नये. तिला डॉक्टरांकडे न्यावें. वजन शेंकडा पांचांनीं उतरलें तरी पुष्कळदां पाळी नियमित होऊं लागते.

झोंपेचाही येथें संबंध आहे. २००४ सालीं शिकागो येथें बारा निरोगी तरुणांस दोन रात्रीं चारच तास झोंपूं दिलें, आणि दुसऱ्या वेळीं दोन रात्रीं दहा तास झोंपूं दिलें. कमी झोंपेनंतर लेप्टिन शेंकडा १८ उतरलें, घ्रेलिन शेंकडा २८ चढलें, व भूक शेंकडा २४ वाढली. पहांटेची लोकल गांठणारा व रात्रीं उशीरां परतणारा आमचा तरुण घरीं आल्यावर जें दिसेल तें खातो, त्यांत त्याच्या जिभेचा दोष किती व त्याच्या थकलेल्या देहाचा किती, ह्याचा घरच्यांनीं विचार करावा.

तर मग सर्व संप्रेरकांच्या हातीं असल्यावर माणसानें करावें तरी काय? कांहींच करूं नये असा ह्याचा अर्थ नव्हे. देह बधिर झालेला असला तरी त्याची श्रवणशक्ति सुधारतां येते, आणि वजनाचा कांटा फारसा न हललाही तरी सुधारते, ही फार आशेची गोष्ट आहे. चेन्नई येथील डॉ. ए. रामचंद्रन ह्यांनीं मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ भारतीयांचा अभ्यास २००६ सालीं प्रसिद्ध केला. ज्यांस रोजचें भरभर चालणें व मोजका आहार ह्यांचा नियम लावून दिला, त्यांच्यांत मधुमेह होण्याचें प्रमाण शेंकडा २८.५ नीं घटलें, आणि त्यांचें वजन मात्र विशेष कमी झालेलें नव्हतें. कारण चालणारा स्नायु रक्तांतील साखर आपणच ओढून घेतो व इन्सुलिनचें पुन्हां ऐकूं लागतो. म्हणून चार महिने चालूनही वजन जागचें हललें नाहीं म्हणून जो चालणें सोडतो तो आपली कमाई टाकून देतो. ताटांत भात थोडा कमी, डाळ, कडधान्य, मासळी व भाजी थोडी अधिक. साखरेचीं पेयें बंद. सणाचे फुगे सणापुरते. आणि रात्रीं सात तासांची झोंप, हा नियम घरांतील एकट्या लठ्ठ माणसावर न लादतां साऱ्या घरानें पाळावा. एकानें कोरडी भाकरी खावी व बाकीच्यांनीं त्याच्या समोर मिठाई फस्त करावी, ह्यास उपचार म्हणत नाहींत.

आतां नव्या औषधांविषयीं. जेवल्यावर आतड्यांतून जीएलपी-१ नांवाचें संप्रेरक सुटतें. तें जठर हळूहळू रिकामें होऊं देतें, साखर चढलेली असेल तेव्हां इन्सुलिन वाढवितें, आणि मेंदूस तृप्ति कळवितें. परंतु रक्तांत तें दोन-तीन मिनिटांहून फार टिकत नाहीं. ज्या ब्राँक्सच्या रुग्णालयांत यालो ह्यांनीं काम केलें, तेथेंच जॉन एंग ह्यांस गिला मॉन्स्टर नांवाच्या विषारी सरड्याच्या विषांत ह्या संप्रेरकासारखें, परंतु पुष्कळ वेळ टिकणारें एक द्रव्य आढळलें. तें त्यांनीं १९९२ सालीं प्रसिद्ध केलें. त्यावरून तयार झालेलें औषध २००५ सालीं अमेरिकेंत मधुमेहासाठीं मंजूर झालें. पुढें सेमाग्लुटाइड हें आठवड्यांतून एकदां घ्यावयाचें औषध निघालें. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या चांचणींत तें घेणाऱ्यांचें वजन ६८ आठवड्यांत सरासरी शेंकडा १४.९ नीं उतरलें. ज्यांस औषधाविना इंजेक्शन दिलें त्यांचें शेंकडा २.४ नीं. आहाराचा उपदेश दोन्ही गटांस सारखाच होता. २०२३ सालीं असेंही दिसून आलें कीं, हृदयविकार असलेल्या वजनदार माणसांत ह्या औषधानें हृदयविकाराचा झटका, पक्षाघात व हृदयविकारानें मृत्यु ह्यांचें एकत्रित प्रमाण शेंकडा २० नीं कमी केलें. २०२५ सालीं अशीं इंजेक्शनें वजनासाठीं आपल्या देशांतही विक्रीस आलीं.

परंतु हें औषध सोडून एक वर्ष झाल्यावर उतरलेल्या वजनाचा सुमारें दोन-तृतीयांश भाग परत आल्याचेंही चांचणींत दिसलें आहे. रक्तदाबाची गोळी सोडली कीं रक्तदाब चढतो, तसेंच हें. स्थूलता हा दीर्घकाळचा रोग आहे, ह्याचा आणखी पुरावा कोणता पाहिजे? हीं औषधें महाग आहेत. मळमळ, वांती, जुलाब किंवा बद्धकोष्ठ हे त्रास होतात. क्वचित् पित्ताशयाचा किंवा स्वादुपिंडाचा गंभीर विकार होतो. गरोदर स्त्रियांनीं तीं घेऊं नयेत. लग्नांत बारीक दिसावें म्हणून, किंवा शेजारणीनें घेतलें म्हणून, डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून तीं टोंचून घेणें हा शुद्ध अविचार होय.

उपवासाविषयीं दोन शब्द बोलल्यावांचून हा विषय आपल्या लोकांपुढें पुरा होणार नाहीं. प्रायश्चित्तकाळांतील उपवास हा मनाच्या परिवर्तनासाठीं आहे. त्यास वजन उतरविण्याचें साधन करूं नये. जो इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या कांहीं गोळ्या घेतो, त्याची साखर उपाशीं राहिल्यानें धोक्यापर्यंत खालीं येऊं शकते. आजारी माणसास ख्रिस्तसभा उपवासाचें बंधन घालीत नाहीं. त्यानें आधीं डॉक्टरांस विचारावें, व ज्यानें जेवण सोडलें नाहीं त्याच्याकडे इतरांनीं वांकड्या नजरेनें पाहूं नये.

बंधुभगिनींनो, दोष दिल्यानें कोणाचें वजन उतरल्याचें आम्हीं पाहिलेलें नाहीं. दोष ऐकून माणूस लपून खाऊं लागतो, फोटोंत मागें उभा राहतो, आणि डॉक्टरांकडे गेलों तर तेथेंही बोलणीं बसतील ह्या भयानें तपासणी टाळतो. मग ज्या दिवशीं तो जातो त्या दिवशीं साखर डोळ्यांपर्यंत किंवा मूत्रपिंडांपर्यंत पोंचलेली असते. आपल्या निवाड्याची ही किंमत दुसराच कोणी भरतो.

जुन्या करारांत असें सांगितलें आहे कीं, महोत्सवाच्या वर्षीं गहाण पडलेली जमीन मूळ धन्यास परत मिळावी व दास्यांत पडलेला माणूस मोकळा व्हावा. आपल्या धर्मग्रामानें ह्या महोत्सवीं वर्षीं पुष्कळ संकल्प केले आहेत. त्यांत एक लहानसा संकल्प आणखी घालावा. स्थूल माणसाची जी अब्रू आपण विनाकारण गहाण ठेवून घेतली आहे, ती त्याची त्यास परत करावी. त्याच्या ताटाकडे पाहणें सोडून द्यावें, संध्याकाळीं त्याच्या दारावरून हांक मारून त्याच्याबरोबर अर्धा तास चालावें, आणि तपासणीचा दिवस आला कीं त्याच्या सोबतीस जावें. एवढें आपण केलें तर आजचें हें व्याख्यान सार्थकीं लागलें असें आम्ही समजूं.